इराकमधले ओलीस आणि दिल्लीची धावपळ

जून 2014 मध्ये ‘इस्लामिक स्टेट’ या दहशतवादी संघटनेने इराकमधली मोसुल आणि तिक्रित ही शहरं घेतली, तेव्हा दोन भारतीय गट त्यांच्या तावडीत सापडले. तिक्रितच्या रुग्णालयात 46 परिचारिका होत्या, बहुतेक केरळच्या. मोसुलजवळ 40 बांधकाम मजूर होते. तिथे इराकी सरकारचा अंमलच उरला नव्हता, त्यामुळे अधिकृत वाटाघाटी करायच्या तरी कोणाशी?

परराष्ट्र मंत्रालय, बगदादचा दूतावास आणि केरळ सरकार यांनी एकमेकांशी सतत संपर्क ठेवला. केरळचे मुख्यमंत्री उम्मन चंडी दिल्लीत परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांना भेटत होते. परिचारिका मोबाइलवरून दूतावासाला खबर देत होत्या. हा फोनच सर्वांत मोलाचा दुवा ठरला. परिचारिकांना आधी मोसुलला नेण्यात आलं आणि मग सोडण्यात आलं. इराकच्या कुर्द भागातल्या एर्बिलहून एअर इंडियाच्या विशेष विमानाने, वाटेत मुंबईला थांबून, त्या 5 जुलैला कोचीत उतरल्या. सुटकेसाठी नेमकं काय घडलं, हे सरकारने उघड केलं नाही. अशा प्रकरणांत मध्यस्थ जपावे लागतात.

मजुरांशी मात्र संपर्कच तुटला. एक जण निसटला. बाकीचे मारले गेले असं तो सांगत राहिला; सरकारने पुराव्याविना ते मानलं नाही. जवळजवळ चार वर्षं घरच्यांची आशा तेवत राहिली, आणि हीच या हाताळणीतली सर्वांत बोचरी बाजू. मोसुल मुक्त झाल्यावर जवळच्या बादुश गावातल्या टेकाडाखाली सामूहिक कबर सापडली, नातेवाइकांच्या डीएनएशी अवशेष ताडले गेले. 20 मार्च 2018 रोजी स्वराज यांनी राज्यसभेत 39 मृत्यू जाहीर केले.