मैलापूरची कॉफीवाट

इंग्लंडमधल्या खेड्यात पब म्हणजे गावचा पारच. जुन्या पबांना जोडणाऱ्या पायवाटांचे नकाशे तिथे छापले जातात. सुटीच्या दिवशी माणसे एका गावातून निघून शेतांच्या कडेकडेने चालत दुसऱ्या गावच्या पबात जेवायला पोचतात. चेन्नईत मात्र अशी वाट शोधून सापडणार नाही. तमिळनाडूत १९८७ पासून ताडीवर बंदी आहे आणि २००३ पासून दारूची किरकोळ विक्री सरकारच्या ‘टास्मॅक’ महामंडळाकडे आहे. या शहराचा पार भरतो तो फिल्टर कॉफीच्या पेल्याभोवती.

त्या पेल्याची वाट चालायची तर मैलापूर गाठावे. तिरुमयिलै स्टेशनवर उतरले की कपालीश्वराचे देऊळ हाकेच्या अंतरावर आहे. देवळाच्या चारी बाजूंनी ‘माड वीदी’ नावाचे रस्ते आहेत. पंगुनी महिन्याच्या उत्सवात देवाचा रथ याच रस्त्यांवरून ओढला जातो. एरवी तिथे फुलांचे गजरे, पूजेचे साहित्य, तांब्या-पितळेची भांडी यांचा बाजार असतो. जुन्या खाणावळी याच रस्त्यांवर आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत आहेत. त्यांना इथे ‘मेस’ म्हणतात.

अरुंडेल स्ट्रीटवरची रायर मेस १९३०च्या दशकातली. ‘रायर’ म्हणजे आपल्याकडचे ‘राव’. उडुपीच्या परंपरेतल्या स्वयंपाक्यांशी नाते सांगणारे हे नाव आहे. जागा लहान, पदार्थ मोजके: इडली, पोंगल, वडा आणि पाणी न सुटणारी दाट खोबऱ्याची ‘गेट्टी चटणी’. तिथून चालत पूर्व माड वीदीवर आले की कर्पगांबाळ मेस लागते. कपालीश्वराच्या देवीचेच नाव तिने घेतले आहे. पालेभाजी घातलेला कीरै वडा आणि अडै-अवियल यांसाठी लोक तिथे येतात. देवळाजवळच काळत्तीचे दुकान आहे. १९२७ पासूनचे हे दुकान वर्तमानपत्रे-मासिकांचे, पण त्याचा लौकिक झाला तो गुलाबी, थंडगार रोझ मिल्कमुळे. पोन्नंबल वात्तियार स्ट्रीटवर ‘जन्नल कडै’ आहे. जन्नल म्हणजे खिडकी आणि कडै म्हणजे दुकान. घराच्या खिडकीतून भजी बाहेर येतात आणि गिऱ्हाईक रस्त्यावर उभ्याउभ्याच खाते.

ही सगळी वाट जेमतेम दोन किलोमीटरची आहे. प्रत्येक ठिकाणी थोडेच खाल्ले तर ती सुखाने पुरी होते.

कॉफीकडे मात्र सावकाश पाहायला हवे. फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक भोके असतात. त्यात चिकोरी मिसळलेली पूड हलकेच दाबून भरायची आणि वरून उकळते पाणी ओतायचे. काळाभोर अर्क थेंबथेंब खाली उतरतो. त्याला ‘डिकॉक्शन’ म्हणतात. घाई केली तर तो पातळ येतो. त्यात गरम दूध आणि साखर घालून ती कॉफी पेल्यातून ‘डबरा’ नावाच्या खोलगट वाटीत आणि वाटीतून पुन्हा पेल्यात उंचावरून ओतायची. त्याने साखर विरघळते, फेस येतो आणि ओठ न भाजता पिता येईल इतकी ती निवते.

या पेल्याला कडू इतिहासही आहे. मद्रासच्या कित्येक कॉफी हॉटेलांवर एकेकाळी ‘ब्राह्मणाळ’, म्हणजे ‘ब्राह्मण’, अशी पाटी असे आणि बसण्याच्या जागाही जातीप्रमाणे वेगळ्या असत. १९५७ मध्ये द्रविड चळवळीचे नेते पेरियार ई. व्ही. रामसामी यांनी ट्रिप्लिकेनच्या मुरली कॅफेसमोर या पाटीविरुद्ध आंदोलन उभारले. कित्येक महिने निदर्शने होत राहिली, कार्यकर्ते तुरुंगात गेले. इतिहासकार ए. आर. वेंकटाचलपती यांनी तमिळ समाजात कॉफी कशी रुजली याचा अभ्यास केला आहे. कॉफी मध्यमवर्गीय ब्राह्मणी घरांची आणि चहा कष्टकऱ्यांचा, अशी विभागणी तिथे कशी झाली, हे त्यांनी दाखवले. आज त्याच शहरात कोणीही कोणत्याही बाकावर बसून कॉफी पितो. हे आपोआप घडलेले नाही, हे ही वाट चालणाऱ्याला ठाऊक हवे.

जुन्या जागा टिकतीलच असेही नाही. उडुपीच्या के. कृष्ण राव यांच्या वुडलँड्स समूहाचे कॅथीड्रल रोडवरचे ड्राइव्ह-इन उपाहारगृह १९६२ मध्ये सुरू झाले. झाडांच्या सावलीत, गाडीत बसून डोसा खात पिढ्या वाढल्या. २००८ मध्ये ते बंद पडले आणि २०१० पासून तिथे ‘सेम्मोळी पूंगा’ ही बाग आहे. अशा जागांची आठवण जपण्याचे काम आता शहरातली माणसेच करतात. २२ ऑगस्ट हा मद्रासचा स्थापना दिवस २००४ पासून साजरा होतो. त्या निमित्ताने जाणकार लोकांना पायी फिरवून जुन्या वस्त्या दाखवतात.

मराठी वाचकांना अशा वाटेसाठी फार लांब जायला नको. पुण्याची ‘वैशाली’ एकेकाळी ‘मद्रास हेल्थ होम’ या नावाने ओळखली जाई. मुंबईत माटुंग्याला १९४० सालचे कॅफे मद्रास आणि १९४२ सालचे रामा नायक यांचे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग ही दोन्ही ठिकाणे एकाच फेरीत पायी होतात. पुढच्या रविवारी सकाळी माटुंगा स्टेशनवर उतरा, दोन्हीकडे थोडे थोडे खा, आणि गल्ल्यावर गर्दी नसेल तेव्हा जागेचा इतिहास विचारून तारखांसह लिहून ठेवा.