मालिका बघा, पण निवडून!

मैत्रिणींनो, चिंचपाडा असो की नंदुरबार, संध्याकाळची भाकरी-भाजी उरकली की हक्काचा असा जेमतेम एक तास आपल्या वाट्याला येतो. तो कटकारस्थानं बघण्यात का घालवायचा? भाजी आपण निवडून घेतो, मग मालिका का नको? या तीन पुन्हा लागल्या, किंवा मुलांनी मोबाइलवर लावून दिल्या, तर जरूर बघा.

पहिली 'रजनी'. ही १९८५ साली दूरदर्शनवर आली. प्रिया तेंडुलकरांची रजनी आपल्यासारखीच गृहिणी; पण कुठं चुकीचं दिसलं की जाब विचारणारी. ती बघून दुकानात पावती मागायची भीड नक्की मोडेल!

दुसरी 'उडान', १९८९ची. कविता चौधरींनी ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि कल्याणीची भूमिकाही केली. आधार होता थोरल्या बहिणीच्या, कांचन चौधरींच्या आयुष्याचा. या कांचनताई २००४ साली उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. देशात या पदावर पोचलेली पहिली स्त्री! दहावीनंतर मुलीचं शिक्षण थांबवायचं घरात घाटत असेल, तर ही मालिका तिच्या वडिलांना शेजारी बसवून बघा.

तिसरी 'उंच माझा झोका', २०१२ची. लहान वयात रानड्यांच्या घरी आलेल्या रमाबाई नवऱ्याकडून लिहायला-वाचायला शिकल्या, तेव्हा टोमणे मारणाऱ्या घरातल्या बायकाच होत्या. उद्या आपली सून शिकायचं म्हणाली, तर आपण काय म्हणू? मालिका संपल्यावर एवढं मनाशी जरूर विचारा.