महाग पेट्रोल कुणाला लागतं?

पंपावर विचारतात, "साधं की प्रीमियम?" महाग तेच चांगलं समजून आपण जास्त पैसे देतो. पण 'एक्सपी 100' मधला 100 म्हणजे ताकद नव्हे, तो ऑक्टेनचा आकडा.

इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं. दाब फार वाढला की ते आपोआप पेटतं आणि इंजिन ठकठक वाजतं. ऑक्टेन जितका जास्त, तितका दाब पेट्रोल सोसतं. कित्येक आलिशान गाड्यांत हा दाब जास्त असतो, म्हणून त्यांच्या पुस्तिकेत 95 ऑक्टेन मागितलेला असतो. तिथे काटकसर नको.

आपल्या स्कूटीच्या पुस्तिकेत साधं पेट्रोल चालेल असं असेल, तर जास्तीच्या ऑक्टेनचा तिला उपयोग नाही. आधी पुस्तिका वाचा. वाचलेले पैसे गटाच्या बचतीत टाका!