नथीशिवायचा मोती

जबलपूरला आत्याच्या घरी आरशाच्या कडेला नेहमी चिटोरे चिकटवलेले असतात. तिची नात मेडिकलला आहे. दात घासता घासता पाठांतर होतं, असं तिचं म्हणणं. मागच्या खेपेला एका पिवळ्या चिटोऱ्यावर 'पुट ऑन' एवढंच लिहिलेलं होतं. आत्याला वाटलं, पोरगी स्वतःलाच चष्मा घालायची आठवण करतेय.

तसं नव्हतं. 'बेसल सेल कार्सिनोमा' हा जगात सर्वाधिक आढळणारा त्वचेचा कर्करोग. तो ओळखायची विद्यार्थ्यांची ती युक्ती. पी म्हणजे पर्ली, मोत्याची झाक. यू म्हणजे अल्सर, मधोमध पडणारा व्रण. टी म्हणजे टेलँजिएक्टेशिया, गाठीच्या कडेवरून धावणाऱ्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या. ओ म्हणजे ऑन द फेस, चेहऱ्यावर; एन म्हणजे नोड्यूल, गाठ. पुढे 'सनस्क्रीन' जोडलं की एस मिळतो: स्लो, सावकाश वाढणारा.

परीक्षेपुरतं झकास. पण ज्या आजीच्या नाकावर ती गाठ असते, तिने हे पी-यू-टी घेऊन करायचं काय?

आत्या रोज त्याच आरशात नाकाच्या कडेचा एक काळसर ठिपका बघत होती. 'चष्मा टोचतो गं तिथे,' एवढंच म्हणायची. टॉवेलने तोंड पुसलं की रक्ताचा थेंब, मग खपली, मग पंधरा दिवस सगळं शांत, की पुन्हा रक्त. हळद लावून झाली, चष्म्याची पॅडं बदलून झाली. शेवटी नातीने तिला खिडकीशी बसवलं, दोन बोटांनी ठिपक्याभोवतीची कातडी ताणली आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला. काळ्याभोवती मेणचट, चमकती, किंचित उचललेली किनार उमटली. 'आजी, तुझ्या नथीतल्या मोत्यासारखं दिसतंय गं!' चिटोऱ्यावरच्या पाच अक्षरांपेक्षा हे एक वाक्य आत्याच्या जास्त लक्षात राहिलं.

ठिपका काळा का होता, हे मात्र पुस्तकातल्या फोटोंवरून कळत नाही. ते बहुतेक गोऱ्या कातडीचे. त्यात ही गाठ गुलाबी दिसते. सावळ्या कातडीत गाठीतच मेलॅनिन हे रंगद्रव्य साठतं, म्हणून आपल्याकडे ती पुष्कळदा तपकिरी किंवा काळी असते आणि लोक तिला तीळ समजतात. मग कुणीतरी तिळाला 'एबीसीडी' लावून बघतो. ती युक्ती 1985 साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 'मेलानोमा' या वेगळ्या, जास्त घातक कर्करोगासाठी काढली: आकार बेढब आहे का, कडा वेड्यावाकड्या आहेत का, रंग एकसारखा आहे का, व्यास मोठा आहे का. 2004 मध्ये 'बदलतोय का' हा ई त्यात आला. बेसलची गाठ गोल, नीटस कडेची असू शकते, आणि या परीक्षेत ती आरामात पास होते. चुकीच्या कुलपाला लावलेली किल्ली, दुसरं काय!

जुने डॉक्टर याला 'रोडंट अल्सर' म्हणत. डब्लिनच्या आर्थर जेकब यांनी 1827 मध्ये या व्रणाचं वर्णन केलं. रोडंट म्हणजे कुरतडणारा, उंदराच्या जातीचा. मला तरी यापेक्षा चांगली खूण सापडलेली नाही. उंदीर घर सोडून सहसा जात नाही, पण घर पोखरतो. हा कर्करोगही शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो, पण वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर नाकाची कूर्चा, पापणी, कान खाऊन टाकतो. म्हणजे 'कॅन्सर' शब्दाने हातपाय गाळायचं कारण नाही, आणि 'दुखत तर नाही' म्हणून बसून राहण्याचंही नाही.

विद्यार्थ्यांची आणखी एक खूण ओठांची. इंग्रजीत बी आधी येतो, एस नंतर. तसा वरच्या ओठावर बेसल, खालच्या ओठावर 'स्क्वेमस' हा त्वचेचा दुसरा कर्करोग. नियम ढोबळ आहे, पण कामाचा.

आपल्याकडे कधी कधी रोगाचं नावच खूण होऊन बसतं. टाटा मेमोरियल रुग्णालयातले वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी 1945 मध्ये 'धोती कॅन्सर' नोंदवला. कमरेला धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून बांधलं की कातडी घासत राहते आणि तिथे कर्करोग होऊ शकतो. तो स्क्वेमस जातीचा, बेसल नव्हे. पण हे नाव एकदा ऐकलेला माणूस कमरेवरच्या जुन्या चट्ट्याकडे काणाडोळा करणार नाही.

बेसलचं मोठं कारण मात्र ऊन, तेही अनेक वर्षांचं साठलेलं. त्यासाठीची खूण फुकट मिळते आणि पायाशीच असते: सावली आपल्यापेक्षा बुटकी झाली की ऊन कडक, आडोशाला जा. कर्कवृत्त जबलपूर शहराच्या थोडं उत्तरेला, सिहोऱ्याजवळून जातं. त्यामुळे जूनमध्ये दोनदा, साधारण 12 आणि 30 तारखेच्या सुमारास, इथे भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. त्या दिवसांत सकाळी नऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत माणसाची सावली त्याच्याहून बुटकी असते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र ती भर दुपारीही त्याच्यापेक्षा लांबच पडते. ग्वारीघाटावर भल्या पहाटे नर्मदास्नानाला जाणाऱ्यांना हा हिशेब नको. दिवसभर उघड्यावर राबणाऱ्याला हवा, आणि त्याला टोपी, पदर, उपरणं काहीही चालेल.

आत्याच्या ठिपक्याचा तुकडा तपासायला गेला, निदान तेच निघालं, आणि तेवढ्याच जागेला भूल देऊन गाठ काढली. नाकाशेजारी आता बारीक रेघ आहे, चष्मा तिच्यावरच बसतो. तुमच्या घरात कुणाच्या चेहऱ्यावर महिनाभरात न भरलेली, खपली धरून पुन्हा रक्त येणारी पुळी असेल, तर हळदीचा डबा बंद करा आणि त्यांना त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन जा.