हयातीतली वाटणी

आमच्याकडे पोराच्या हातात कासरा लवकर येतो, सातबारा फार उशिरा. मानवत तालुक्यातल्या आमच्या गावात चाळिशीला टेकलेली कितीतरी पोरं पेरणीपासून कापसाच्या वेचणीपर्यंत सगळं बघतात. तलाठ्याच्या दप्तरात मात्र त्यांचं नाव नाही. पीककर्ज, ठिबकचं अनुदान, सगळं बापाच्या नावानं. बाप अंथरुणाला खिळला तर सहीसाठी त्याला मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून बँकेत न्यावं लागतं. २०२५ साली सरकारनं ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढून मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला घेतली, यावरूनच हे दुखणं किती जुनं आहे ते कळतं.

नाव लावायचं का टाळतात? भीतीनं. जमीन दिली की म्हातारपणी कोण विचारणार? ही भीती खोटी नाही, गावात तशी उदाहरणं आहेत. पण बाप गेल्यावर होणारी वाटणी त्याहून वाईट होते, हे मी आमच्याच रानात पाहिलंय.

आमचं वरचं रान मुरमाड, ओढ्याकडचं काळंभोर. आजोबांच्या वेळी प्रत्येक भावाला दोन्ही मिळावं म्हणून रस्त्यापासून ओढ्यापर्यंत उभ्या पट्ट्या पाडल्या. पुढच्या पिढीनं त्याच पट्ट्या पुन्हा उभ्या चिरल्या. आता काही पट्ट्यांत ट्रॅक्टर वळवताना चाक शेजाऱ्याच्या धुऱ्यावर जातं आणि दरवर्षी त्यावरून बोलाचाली होते. विहीर एकच, तिला पाळ्या. लाईट रात्रीची असली की कुणाची पाळी बुडाली यावर भांडण. महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी खातं ४.२८ हेक्टरचं होतं, २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आलं. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. पण घरात तोंडी झालेली वाटणी तो कशी अडवणार?

म्हणून हातपाय चालतायत तोवर मी वाटणी करून टाकली. वडिलोपार्जित दहा एकर. थोरला शेती करतो, धाकटा चाकणला कारखान्यात आहे, मुलगी सेलूला दिलीय. महसूल अधिनियमाच्या कलम ८५ प्रमाणे सगळ्यांच्या संमतीनं तहसीलदारांकडे अर्ज केला. नोटिसा, जबाब, आदेश, मग फेरफार आणि मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. हिस्से पाच केले: मी, बायको आणि तिन्ही लेकरं. बाप-लेकांत वाटणी झाली तर बायकोलाही मुलाइतकाच हिस्सा मिळतो, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती मांडली आणि १९९२ मध्ये सरकारनंही बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायचा आदेश काढला, तरी आमच्या गावात तशी नावं अजून बोटावर मोजण्याइतकी.

लेक म्हणाली, “बाबा, मला नको, भावांना राहू द्या.” मी तिचं ऐकलं नाही. मुलीला जन्मतः समान हक्क महाराष्ट्रानं १९९४ लाच दिला, २००५ ला तो देशभर झाला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. तरी तेरावं उरकलं की बहिणींपुढं हक्कसोडपत्राचा कागद येतो. माहेर तुटू नये म्हणून केलेल्या सहीला मी राजीखुशी मानत नाही.

जमिनीवर पट्ट्या मात्र आणखी चिरल्या नाहीत. दहाही एकर थोरलाच कसतो आणि बाकीच्यांना दरसाल ठोक्याचे पैसे देतो. ठोका किती, कधी द्यायचा, हे लिहून ठेवलंय. वाटणीच्या अर्जात आम्ही विहीर, बोअर, आखाड्यापर्यंतची गाडीवाट आणि बांधावरची आंब्याची झाडंही लिहिली, त्यांची नोंद इतर हक्कांत घेतली. नुसतं क्षेत्र लिहून लोक मोकळे होतात, पुढं वाटेवरून आणि पाण्यावरून कोर्टात जातात.

एक गोष्ट मात्र खटकते. पीएम किसानसाठी जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीपासून नावावर हवी. त्यानंतर बाप मेल्यावर वारसानं नाव लागलं तर चालतं, बापानं हयातीत दिलं तर नाही. शहाणपणानं वेळेत वाटणी करणाऱ्याच्या पोरानं वर्षाच्या सहा हजारांवर पाणी सोडावं, हा नियम बदलायला हवा.

नाव लावलं तरी कारभार सोडणं बापाला जड जातं. यंदा पोरानं कापूस निम्म्यावर आणला आणि परभणीच्या कृषी विद्यापीठातून १८ मेच्या खरीप मेळाव्याला जाऊन सोयाबीन एमएयूएस-६१२ आणि तूर बीडीएन-७११ चं बियाणं आणलं. कापूस एवढा कमी करणं मला पटलं नव्हतं, तसं त्याला सांगितलंही. “बाबा, वेचणीला बाया मिळत नाहीत, भाव परवडत नाही,” एवढंच बोलून त्यानं पेरणी केली. मी अडवलं नाही. दिवाळीच्या आधी आईच्या आणि बहिणीच्या खात्यावर त्यानं ठोक्याचा पहिला हप्ता जमा केला.