रोपलावणीतली पालकसभा

आजरा तालुक्यात जुलै महिन्यात सकाळी अकराला पालकसभा बोलावली, तर रिकाम्या सतरंज्या बघायची तयारी ठेवावी. चित्री आणि हिरण्यकेशीच्या काठानं तेव्हा भाताची रोपलावण चालू असते. पैरा फेडायचा असतो. आज आपण दुसऱ्याच्या रानात गेलो नाही, तर उद्या आपल्या चिखलात कुणी उतरत नाही. सभेला चारच माणसं येतात आणि इतिवृत्तात ‘पालकांची उदासीनता’ असा शेरा पडतो. हा शेरा मला कधीच पटलेला नाही.

तालुक्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंनी यावर सोपा मार्ग काढलाय. संध्याकाळी दूध घालायच्या वेळेला त्या डेअरीच्या कट्ट्यावर जाऊन उभ्या राहतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावांत बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी त्या वेळी किटली घेऊन तिथं येतं. मी गेलो तेव्हा पाऊस लागून राहिला होता. प्लॅस्टिकची खोळ पांघरलेली एक बाई रांगेत होती. तिच्या तिसरीतल्या मुलीची वही बाईंनी पिशवीतून काढून तिच्यापुढं धरली.

“वैनी, ही वजाबाकी बघा. हातच्याची आहे, पोरीनं एकटीनं केलीय.”

“मला काय कळतंय त्यातलं, बाई?”

“तुम्हाला कळायला नकोच. भाकऱ्या थापताना तिला म्हणा, कशी केलीस ते मला सांग. ती सांगताना कुठं थांबते, एवढंच मला उद्या कळवा.”

दुसऱ्या दिवशी आईचा निरोप आला : दहा सुटे करायच्या जागी पोरगी गप्प बसते. बाईंना नेमकं हेच हवं होतं. चाळीस मिनिटांच्या तासाला, तेही दोन इयत्ता एकाच खोलीत बसलेल्या असताना, एका मुलीचं अडणं दिसेलच असं नाही. चुलीपुढं ते दिसलं.

एरवी शाळेला पालक आठवतो तो वर्गणीला, सहीला आणि तक्रारीला. शाळेचा निरोप आला की घरात पहिला प्रश्न ‘काय केलंस?’ हाच असतो. म्हणून बाई पहिली भेट चांगल्या बातमीशिवाय घेत नाहीत. बातमी खरी असावी लागते, हे त्यांचं पथ्य. ‘हुशार आहे’ असलं मोघम त्या बोलत नाहीत, वही दाखवतात.

कायद्यानं पालकांना मान दिलेला आहेच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम 21 प्रमाणं शाळा व्यवस्थापन समितीत किमान पाऊण सदस्य पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करणं हे या समितीचं काम. बऱ्याच गावांत मात्र आराखडा आधी टाइप होतो आणि सह्या नंतर फिरतात. पोषण आहाराचा भात कसा शिजतो, पावसात कुठलं कौल गळतं, हे समितीतल्या बायकांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना विचारायचं तेवढं राहून जातं.

2022 पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचे मेळावे भरतात. पहिलीत येणाऱ्या मुलाला टेबलाटेबलावर नेऊन काय जमतं ते बघायचं, विकासपत्रावर नोंदवायचं, आणि सुट्टीत घरी करायच्या कृतींचं कार्ड मातांच्या गटाला द्यायचं, अशी त्यांची रचना. पहिला मेळावा उन्हाळ्यात येतो, म्हणजे आमच्याकडं काजूच्या दिवसांत. या शाळेत एका पोराबरोबर त्याची आजी आली होती, कारण आईबाप मुंबईला. कार्ड वाचणं आजीच्या आवाक्यातलं नव्हतं. बाईंनी कार्ड बाजूला ठेवलं. “काजूच्या बिया आहेत न्हवं घरात? त्याला मूठभर घ्यायला सांगा. किती असतील, आधी बोलायचं, मग मोजायचं. दहा-दहाचे ढीग लावायचे.” आजी हसून म्हणाली, “ह्येच व्हय? ह्ये तर आमी रोजच करतोय.” जूनमध्ये पोरगं शाळेत आलं ते पन्नासच्या पुढं मोजत.

मुंबईकर बापाचं काय करायचं, हा आजरा-चंदगडकडचा खास प्रश्न. फोनवर तो ‘अभ्यास कर’ एवढंच म्हणतो, कारण दुसरं काय विचारावं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. बाई त्याला गणपतीत गाठतात. सुट्टी असली तरी आरतीला घरी जातात, प्रसाद घेतात आणि पोराच्या देखत बापाला काम सांगतात : रोज रात्री फोनवर ह्याच्याकडून पाच ओळी वाचून घ्यायच्या. मध्ये चुका काढायच्या नाहीत. सगळे बाप पाळत नाहीत. काही दिवाळीपर्यंत टिकतात, काही दोन आठवड्यांत ढेपाळतात. तरी जे टिकतात त्यांची मुलं वर्गात आपणहून वाचायला उठतात, हे मी बघितलंय.

या सगळ्यात बाईंचा जाणारा वेळ कुठल्याच अहवालात धरला जात नाही. पालकसभेच्या नमुन्यात ‘उपस्थित पालकांची संख्या’ असा रकाना असतो. केंद्रप्रमुखांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना विनंती आहे की त्याच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा : कोणत्या पालकाला कोणतं काम सांगितलं, आणि त्यानं परत येऊन काय सांगितलं.