धुवारी बरडावर का थांबत नाही?

डिसेंबरात तूर फुलोऱ्यावर असते, तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला धुवारीची, म्हणजे धुक्याची, धास्ती असते. धुवारी लांबली की झाडे उशिरापर्यंत ओली राहतात, बुरशीला आयते फावते आणि फुले गळतात. पण नाल्याकाठचे वावर धुक्यात बुडालेले असताना जवळचेच उंच बरड अनेकदा मोकळे असते. असे का व्हावे?

निरभ्र रात्री जमीन प्रारणाने उष्णता गमावते आणि तिला लागून असलेली हवाही गार होते. १५ अंश सेल्सियसला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १३ ग्रॅम बाष्प मावते, १० अंशांना साडेनऊ ग्रॅमच. वरकड बाष्पाचे काही दव होते, तर काही हवेतल्या सूक्ष्म कणांभोवती जमून धुक्याचे थेंब बनतात. हे थेंब इतके बारीक असतात, की सेकंदाला जेमतेम सेंटिमीटरभर खाली येतात.

आता उताराचे पाहू. पाच अंशांनी गार झालेली हवा जेमतेम पावणेदोन टक्के जड होते. पण वारा पडलेला असेल तर तेवढेही पुरते. ती पाण्यासारखी उतार धरते आणि सखल जागी साचते. बरडावर तिची जागा वरची थोडी उबदार हवा घेते. नाल्याकाठी माती ओली, त्यामुळे बाष्पही अधिक. मोठ्या प्रमाणावर हेच पाहायचे तर यवतमाळ शहर पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटरवर आहे. वर्धेच्या खोऱ्यातले वणी त्याहून सुमारे २०० मीटर खाली. पुसदही डोंगरांमध्ये, पूस नदीकाठी वसले आहे.

मात्र रोज धुके पडत नाही. आभाळ आले, तर ढग गोधडीचे काम करतात. वारा जोराचा असला तर वरची कोरडी हवा मिसळते. अगदीच नसला तर बहुधा दवावरच भागते. अवकाळी पावसानंतर लगेच आभाळ निवळले, तर ती रात्र धुक्याची समजावी.

(पावसाळ्यात चिखलदऱ्याला दिसते ते धुके वेगळे. तिथे डोंगर चढणारी हवा प्रसरण पावून गार होते. ते खरे तर ढगच!)

शिक्षकांनी दोन सारखे तापमापक घ्यावेत. एक नाल्याकाठी, एक बरडावर, दोन्ही जमिनीपासून सारख्याच उंचीवर टांगावेत. सूर्योदयापूर्वी एकाच वेळी नोंद करावी, सोबत आभाळ आणि वाराही टिपावा. धुके उठताना नीट पाहायला सांगावे. ते उचलले गेल्यासारखे दिसते; प्रत्यक्षात जमीन तापू लागते आणि तळाचे थेंब आधी विरतात.